धामणीचं धनुष्य आणि वाकाची फळी

धनुष्य शिकायला येणारं प्रत्येक पोर पहिल्यांदा हेच विचारतं, "मामा, किती ताकदीचं होणार?" मी उलट विचारतो, "लाकूड कुठलं आणलंस?" तिथे बहुतेकांची बोलती बंद होते.

माझा धंदा दारं-खिडक्यांचा, गोव्यातल्या वाळपईच्या पंचक्रोशीतला. धनुष्यं मी हातासरशी करतो. आमच्या सत्तरी तालुक्यात त्यासाठी धामणीइतकं चांगलं लाकूड मला माहीत नाही. कुऱ्हाडीचे दांडे धामणीचे का घालतात ते ज्याने लाकूड फोडलंय त्याला सांगावं लागत नाही: वाकते, हिसका सोसते, चटकन मोडत नाही. सागवानाच्या नादी नवख्याने लागू नये. दिसतं देखणं, पण बाजारात मिळते ती चिरलेली पट्टी. तिचे रेषे मध्येच कडेला बाहेर पडलेले असतात, आणि धनुष्य तिथूनच मोडतं.

जंगलात कोयता घेऊन जाऊ नका. म्हादईचं अभयारण्य आमच्या दारात आहे, तिथली काडीसुद्धा उचलायची नाही. स्वतःच्या भाटातलं, म्हणजे बागेतलं, झाड आडवं करायचं तरी 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. कुणाच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रीतसर छाटणी चालली असेल तर मनगटाहून जाड, सरळ, सहा फुटांची फांदी मागून घ्या. टोकाकडून बघा. साल पिळवटलेली दिसली तर आतला रेषाही पिळलेलाच असतो. ती चुलीला द्या.

फांदी डिसेंबर-जानेवारीत मिळाली तर उत्तम. साल लगेच काढा, नाहीतर तिच्याखाली भुंगा लागतो. साल काढताना आतल्या लाकडाला कोयत्याचं पातं लागू द्यायचं नाही. सालीखालचा तो गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे धनुष्याची पाठ, निशाण्याकडे असणारी बाजू. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि तुमच्याकडचं पोट दाबलं जातं. पाठीवरचा एक रेषा तुटला की तिथून ढलपी उचलते. म्हणून पाठीला रंधा नाही, कानस नाही, काही नाही. जे काय खरवडायचं ते पोटाकडून.

दोन्ही टोकांना आणि पाठीला फेव्हिकॉलचा जाड हात द्या, म्हणजे पाणी सावकाश जाईल आणि चिरा पडणार नाहीत. पोटाकडचं अर्धं लाकूड वाकसाने तासून टाका. पातळ झालं की लवकर सुकतं. मग सावलीत, वाऱ्याला. आठवड्यातून एकदा वजन करा. वजन घटायचं थांबलं की लाकूड तयार. पावसाळ्यात मात्र हे गणित चालत नाही. जुलैच्या हवेत लाकूड पुन्हा पाणी पितं, ओल्या लाकडाचं धनुष्य वाकलं की वाकलेलंच राहतं. एप्रिल-मेत मिळालेली फांदी मी चुलीवरच्या माळ्यावर टाकतो आणि दिवाळीनंतर खाली काढतो.

आता मापं. लांबी 68 इंच. मधली मूठ 4 इंच, जाड, न वाकणारी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांचा उतार. तिथून पात्याची, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागाची, रुंदी पावणेदोन इंच, अर्ध्या पात्यापर्यंत तशीच, पुढे निमुळती होत टोकाला अर्धा इंच. मध्यरेषा पेन्सिलने नाही, दोऱ्याने काढा, दोन टोकांत ताणून. जाडी सुरुवातीला मुठीच्या उताराजवळ 5 सूत, टोकाकडे 4 सूत. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड थोडं जास्त ठेवा. फांदी नैसर्गिक बाकदार असली तर तो बाक राहू दे. पात्याची जाडी त्या बाकाबरोबर चालली पाहिजे, पट्टी लावून सरळ करायला जाऊ नका.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराला हे सांगायला नको. सांगायचं ते वेगळंच. जाडी आणि ताकद एकास एक चालत नाहीत. 4 सुतांच्या पात्यातून अर्धा सूत काढलात तर जाडी आठव्या हिश्शाने कमी झाली, पण ताठपणा तिसऱ्या हिश्शाने गेला. रुंदी आठव्या हिश्शाने कमी केली असती तर ताठपणाचाही आठवाच हिस्सा गेला असता. म्हणून मोठा फरक हवा तेव्हा कानस चालवा, आणि धनुष्य वाकायला लागल्यावर कानस खुंटीला टांगा. पुढे फक्त खरवडणी: जुन्या करवतीच्या पात्याचा चौकोनी तुकडा, कडेला धार काढलेला. फुटकी काचही चालते, बोटं सांभाळून.

आधी जमिनीवर. एक टोक जमिनीला टेकवा, मूठ धरून हलकं दाबा, पातं कसं वाकतंय ते बघा, मग उलटं करा. दोन्ही पाती हाताला सारखी लागली की टोकांना तिरक्या खाचा पाडा, चार मिलिमीटरच्या गोल कानशीने. खाच पाठीवर आणायची नाही, कडांना आणि पोटाकडे ठेवा. दोरी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची. नायलॉन ताणतं, त्यावर कसलंच माप खरं येत नाही.

आता वाकाची फळी, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. तिच्यावर टिलरिंग होतं, म्हणजे वाक बघत बघत लाकूड कमी करून दोन्ही पाती सारखी वाकवणं. भिंतीला उभी जाड फळी ठोका. वर धनुष्याची मूठ बसेल असा खोबणीचा आधार, खाली कप्पी. दोरीला आकडा, आकड्याला काजूवाले बी मोजायला वापरतात तसला टांगता काटा, काट्याला रस्सी, रस्सी कप्पीतून तुमच्या हातात. सात-आठ फूट लांब उभं राहायचं. याचे दोन फायदे: मोडलं तर तोंडावर येत नाही, आणि लांबूनच वाक दिसतो. मागच्या भिंतीवर दोन-दोन इंचांवर खडूच्या आडव्या रेषा मारा.

पहिली दोरी लांब, धनुष्य सरळ असताना जेमतेम चढेल एवढी. फार ढिली ठेवली तर वाक खोटा दिसतो. थोडं ओढा, बघा, सोडा. आखडलेली जागा शोधा आणि तिथेच खरवडा. जी जागा जास्त वाकते तिला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तिच्या आजूबाजूचं कमी करत ती सोबत आणायची. दर खरवडणीनंतर वीस-तीस वेळा हलकं ओढून सोडा, तोवर लाकूड फरक दाखवत नाही. पोरं इथेच घाई करतात. खरवडलं, फरक दिसला नाही, पुन्हा खरवडलं, आणि मग ओढलं तर पातं एका जागी बिजागरीसारखं मुडपतं.

डोळा तयार नसेल तर पेन्सिलचा ठोकळा करा. सहा इंच लांब, एक बाजू अगदी सपाट, मध्ये भोक, भोकात घट्ट बसणारी पेन्सिल. धनुष्य थोडं ओढून रस्सी बांधून ठेवा. ठोकळा सपाट बाजूने पोटावर धरला की दोन टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. जिथे सर्वांत जास्त वाक तिथे फट सर्वांत मोठी. त्या जागी पेन्सिल जेमतेम टेकेल-न टेकेल एवढी बाहेर काढा आणि ठोकळा पातंभर फिरवा. जिथे रेघ उमटली ते लाकूड आखडलेलं. धनुष्य उतरवा, रेघ पुसेपर्यंतच खरवडा, पुन्हा फळीवर. मोबाइलवर फोटो काढून उलटा करून बघा, डावं-उजवं पातं लगेच कळतं. माझा भाचा फोटोवर रेघा मारत बसतो. मी नुसता बघतो, पण उत्तर दोघांचं एकच येतं.

वजनाचा नियम मात्र मोडायचा नाही. समजा 26 इंचांच्या ओढीवर 15 किलो हवंय. नवख्याला तेवढं पुष्कळ. तर काटा 15 वर आला की तिथेच थांबा, मग दोरी 12 इंचांवर आलेली असो की 20 वर. वाक सारखा असेल तर दोन्ही पाती सारखी खरवडा. पुढच्या वेळी तेच 15 किलो थोड्या लांब ओढीवर येतील. वाक सारखा नसेल तर 15 पर्यंतही जायचं नाही. "मामा, ओढू आणखी थोडं?" हा प्रश्न मला आवडत नाही. ताकदीपेक्षा जास्त ओढलेलं लाकूड मोडत नाही कधीकधी, पण पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या पडतात, आणि त्या पुन्हा बुजत नाहीत.

टोकं पाच-सहा इंच सारखी खाली यायला लागली की आखूड दोरी चढवा. आधी मूठ-दोरीत तीन इंच अंतर, सगळं जुळलं की सहा. चढवलेलं धनुष्य बाजूने बघताना खालचं पातं वरच्यापेक्षा जरासं ताठ ठेवा. मुठीच्या उताराजवळ दोरीपासूनचं अंतर खाली तीन-चार मिलिमीटर कमी असलं की झालं, कारण हात खाली धरतो आणि बाण वरून जातो.

24 इंचांवर 15 किलो आले की फळीवरचं काम थांबवा. उरलेले दोन इंच काचपेपर आणि पहिले काही बाण घेतात. उतरवल्यावर धनुष्य इंच-दीड इंच वाकलेलं राहिलं तर हरकत नाही.

बाण न लावता ओढून सोडायचं नाही. निशाणा मातीच्या दरडीसमोर, मागून वाट जात नाही अशा ठिकाणी. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, डुकराने कितीही कंदमुळं उकरली तरी.

शेवटी तेल. खोबरेल नको, ते सुकत नाही, वास मारतं. जवसाचं पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन, आणि हे काम मार्चपर्यंत उरका. पुढे हवा दमट झाली की ते दिवसेंदिवस चिकट राहतं. दोरी उतरवून ठेवा. धनुष्य भिंतीला टेकवून उभं नको, दोन खुंट्यांवर आडवं.