कानातल्या बुरशीवरचे थेंब: औषधाआधी बेस

माझ्या पहिल्या बॅचचे थेंब प्रयोगशाळेत बुरशी वाढवायच्या प्लेटवर उत्तम चालले होते. क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशक औषधाचं १ टक्क्याचं द्रावण होतं आणि थेंबाभोवती बुरशी उगवलीच नाही. त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी रुग्णाच्या परवानगीने मला सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा कान दाखवला. आत ओल्या वर्तमानपत्राचा लगदा कोंबल्यासारखा राखाडी थर, त्यावर काळ्या बीजाणूंचे ठिपके. "तुमचा थेंब या लगद्यावरच बसून राहणार, मॅडम," ते म्हणाले. तेव्हापासून कानाचे थेंब बनवायचं हे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी कान बघायला लावते, मग औषधाचं बोलते.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात कूर्चा, केस आणि मळाच्या ग्रंथी. आतल्या दोन हिश्शांत कातडी अगदी पातळ, थेट हाडावर ताणलेली. आत ऊब असते, हवा खेळत नाही, शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही. किंचित आम्लधर्मी आणि पाणी झटकणारा मळ हेच तिथलं संरक्षण. काडी घालून तो खरवडला की बुरशीला रान मोकळं.

बुरशी बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर, त्याखालोखाल कॅन्डिडाच्या जाती. प्रयोगशाळेच्या संग्रहातल्या प्रमाण जातीवर समाधान मानू नका; रुग्णांच्या कानातून आलेले नमुने मिळवा आणि जात ओळखून घ्या. कॅन्डिडा ऑरिस ही आज रुग्णालयांना हैराण करणारी जात. २००९ साली तिचं पहिलं वर्णन झालं ते जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरूनच. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. किती औषधाला बुरशी थांबते ते आधी नेहमीच्या पद्धतीने काढा: आरपीएमआय १६४० माध्यम (बुरशी वाढवायचं पोषक द्रावण), पीएच ७, तापमान ३५ अंश. कॅन्डिडा २४ तासांनी वाचा, अ‍ॅस्परजिलस ४८ तासांनी. मग तीच चाचणी घाण करून करा. निर्जंतुक केलेला मळ आणि कातडीचा कोंडा मिसळा. बुरशीला आधी वाढू द्या, तिचा चिवट थर बसू द्या, आणि त्यानंतर औषध घाला. आकडे बिघडतात. बिघडलेले आकडेच कामाचे, कारण कानात परिस्थिती तीच असते. प्रत्येक वेळी नुसता बेसही, म्हणजे औषध ज्यात विरघळवायचं तो द्रवही, वेगळा तपासा. बेसमध्ये वापरलं जाणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल स्वतःच बुरशीला रोखतं. ते श्रेय औषधाच्या खात्यात जमा व्हायला नको.

आता बेसकडे वळू. क्लोट्रिमॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, पीईजी ४०० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) यांत विरघळतं. अल्कोहोल सोललेल्या कातडीवर आग करतं, म्हणून मी ते शक्यतो टाळते. पीईजी ४०० कातडीला सौम्य, पण एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तयार द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर घ्या, शेजारी पाण्याचा थेंब ठेवा, सुईच्या टोकाने दोन्ही जोडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. जोडाच्या रेषेवर आधी दुधाळ धुकं येतं, मग त्यातून बारीक स्फटिक उगवू लागतात. ओल्या कानात हेच होणार. औषध असं घन होऊन बसलं तर बुरशीत शिरणार कसं? ही पट्टी मी प्रत्येक बदलानंतर बघते. यंत्राच्या अहवालाआधी ती बरंच सांगते. थंडपणी पातळ आणि अंगाच्या उबेने घट्ट होणारं पोलोक्झॅमर ४०७ वापरून जेलही करता येतं. ते जागेवर टिकतं, पण नळी साफ नसेल तर लगद्यावरच झाकण बसतं.

एक चूक माझी, ती तुम्ही करू नका. २ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे थेंब कानासाठी वापरात आहेतच, म्हणून मी आम्ल आणि क्लोट्रिमॅझोल एकाच बाटलीत घातलं. बाटल्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवल्या. पुढच्या तपासणीत एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर औषधाचं शिखर खचलेलं आणि शेजारी नवं शिखर उभं. आम्लात क्लोट्रिमॅझोलचा रेणू तुटतो आणि इमिडॅझोल हा त्याचा तुकडा सुटा होतो. पाठ्यपुस्तकात असलेली गोष्ट मी वाचूनही विसरले होते. आम्ल हवंच असेल तर वेगळी बाटली, वेगळी वेळ.

पडद्याला भोक असेल तर सगळं गणित बदलतं. थेंब मध्यकर्णात उतरतो आणि मध्यकर्ण आणि आंतरकर्ण यांच्यामधल्या गोल खिडकीच्या नाजूक पापुद्र्यातून आंतरकर्णात जाऊ शकतो. तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. जेन्शियन व्हायोलेट हे जांभळं रंगद्रव्य बुरशी मारतं, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने आंतरकर्णाची हानी केली आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉलनेही प्राण्यांच्या मध्यकर्णाला इजा झालेली आहे. म्हणून तयार थेंबांची, बेससकट, प्राण्यांवर श्रवणचाचणी झाल्याशिवाय असा कान असलेला एकही रुग्ण घेऊ नका. युरोपियन फार्माकोपियाचा (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाचा) नियमही स्पष्ट आहे: जखमी कानासाठीचं औषध निर्जंतुक, परिरक्षकाविना (औषधात जंतू वाढू न देणाऱ्या रसायनाविना) आणि एका वेळेपुरत्या कुपीत.

बाटलीवर "मुठीत धरून कोमट करा" हे ठळक छापा. गार थेंबाने आंतरकर्णातला द्रव हलतो आणि माणूस गरगरतो. तोलाच्या इंद्रियावरच्या ज्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं, त्यात गार-गरम पाण्याचा हाच परिणाम होता.

माणसांवरची चाचणी नैतिक समिती आणि औषध नियामकाच्या परवानगीनेच. दोन्ही गटांचे कान डॉक्टरांनी सारख्याच काळजीने सक्शनने साफ करायचे, एका गटाला औषधाचे थेंब, दुसऱ्याला नुसता बेस. खाज थांबली एवढ्यावर बरं झालं म्हणू नका. पुन्हा सूक्ष्मदर्शकाने बघा, पुन्हा नमुना वाढवून बघा, आणि थेंब बंद केल्यावर काही आठवड्यांनी त्याच रुग्णांना परत बोलवा. बुरशी पुन्हा उगवली असेल तर ती तेव्हाच दिसते.