छातीवर हात ठेवून दहा मिनिटं: हृदयापाशी लक्ष नेऊन ध्यान कसं करायचं

वाईट बातमी कळली की छातीत धस्स होतं, कुणाचे हाल बघून काळजात चर्र होतं, खूप दिवसांनी आपलं माणूस भेटलं की ऊर भरून येतो. सगळं छातीतच होतं बघा. आणि तरी टेन्शन आलं की आपण ते डोक्यानेच सोडवत बसतो, रात्री 2 वाजेपर्यंत तेच तेच गिरवत राहतो, मी तर कितीतरी वर्षं हेच केलंय. या ध्यानात डोक्याशी वाद घालायचा नाही, विचार बंद पाडायचे नाहीत, फक्त लक्ष उचलून छातीपाशी आणून ठेवायचं आणि तिथे जे काही असेल त्याच्यासोबत थोडा वेळ बसायचं.

याला शरीरातलं कारण आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडतो तेव्हा कमी होतात. मेंदूपासून निघून मानेतून छाती आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह आहे, ती हृदयाला सारखी "जरा हळू" असं सांगत असते आणि श्वास सोडताना तिचं जास्त चालतं. एरवी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, टेन्शनमध्ये त्याहून भरभर आणि वरवरचे. 4 सेकंद आत आणि 6 सेकंद बाहेर असा श्वास घेतला की मिनिटाला बरोबर 6 होतात, आणि काही मिनिटांत शरीराला कळायला लागतं की आत्ता धोका नाहीये.

बसण्याचं फार मनावर घेऊ नका, खुर्ची चालेल, पाठ टेकली तरी चालेल, पद्मासन वगैरे अजिबात गरजेचं नाही. फक्त आडवं पडू नका, झोप लागते. फोन सायलेंट करून 10 मिनिटांचा टायमर लावा म्हणजे सारखं घड्याळाकडे बघायला नको.

आता हात. उजवा तळहात छातीच्या मधोमध जे सपाट हाड लागतं त्यावर ठेवा, हृदय त्याच्याच मागे आहे, थोडं डावीकडे झुकलेलं. दाबायचं नाही, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवतो तसा हलका ठेवायचा. आधी कपड्याचा स्पर्श कळेल, मग थोड्या वेळाने हाताची ऊब खाली उतरताना जाणवेल, मग श्वासाबरोबर हात वर-खाली होतोय हे कळेल. ठोके शोधायच्या मागे लागू नका, लागले तर लागले. डोळे मिटा, 4-6 चा श्वास सुरू करा आणि दोनेक मिनिटं फक्त ती ऊब. विचार येणारच, भाजी आणायची राहिली, मेलला उत्तर द्यायचंय, सगळं येतं. आलं की चिडायचं नाही, पुन्हा हाताखाली यायचं. असं पन्नास वेळा झालं तरी ध्यान बिघडलं असं समजू नका, ते परत येणं हीच खरी प्रॅक्टिस आहे.

मग आत काय आहे ते बघा आणि त्याला साधं नाव द्या. भीती आहे. राग आहे. काहीच वाटत नाहीये, बधिर आहे, हेही चालतं. मला सुरुवातीचे बरेच दिवस नुसती एक गाठ जाणवायची, गळ्याखाली, घट्ट, जणू कुणीतरी मूठ आवळून धरलीये. मी ती सोडवायला जायचे आणि ती अजून आवळायची. मग एक दिवस कंटाळून म्हटलं असू दे बाई, रहा इथेच, आणि नुसता हात ठेवून बसले. गाठ गेली नाही, पण खांदे आपोआप खाली आले आणि मला तेव्हा कळलं की मी दिवसभर ते वर ओढून फिरत होते.

त्यानंतरच माया, आधी नाही. ज्याच्याशी काही देणंघेणं, हिशोब नाही असं कुणीतरी आठवा, लहान मूल, आजी, घरातलं मांजर सुद्धा चालेल. माणूस अख्खा आठवण्यापेक्षा एक क्षण आठवा. मी ताप आलेला असताना आजीने कपाळावर ठेवलेला खरखरीत हात आठवते, बस तेवढंच. आठवणीने छातीत जरा सैल वाटलं की तिथेच थांबा आणि मनात म्हणा, मला शांत वाटू दे, मला सुरक्षित वाटू दे. मग तेच त्या माणसासाठी, मग रोज दिसणाऱ्या पण ओळख नसलेल्या कुणासाठी. बौद्ध परंपरेतली मैत्री भावना (सगळ्यांबद्दल माया वाढवायचं ध्यान) साधारण याच क्रमाने जाते, आणि पतंजलींनी सुद्धा मन प्रसन्न ठेवायला मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद), उपेक्षा (इथे अर्थ दुर्लक्ष नाही, तटस्थपणा) हे चार भाव सांगितलेत. योगात छातीच्या या जागेला अनाहत चक्र म्हणतात, 12 पाकळ्यांचं कमळ, कुणाला ते डोळ्यांसमोर आणून बरं वाटत असेल तर जरूर आणा, नाही आणलं तरी काही अडत नाही.

ज्याने दुखावलंय तो माणूस सगळ्यात शेवटी, आणि पहिले काही आठवडे तर नाहीच. मी घाई केली होती, चौथ्याच दिवशी एका जुन्या सहकाऱ्याला माफ करायला बसले आणि उठले तेव्हा आधीपेक्षा जास्त संतापलेले होते. अशा वेळी सरळ स्वतःकडे परत यायचं, मला शांत वाटू दे.

रडू आलं तर येऊ द्या. पण छातीकडे लक्ष नेल्यावर धडधड वाढत असेल, घाबरायला होत असेल (पॅनिक अटॅक येणाऱ्यांना असं होऊ शकतं) तर हात मांडीवर घ्या, डोळे उघडा, तळपायांना जमीन लागतेय तिकडे लक्ष द्या, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. चालू असलेली औषधं यासाठी बंद करायची नाहीत. आणि छातीत दुखत असेल, दाबल्यासारखं होत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल तर ध्यानाला बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

टायमर वाजला की लगेच उठू नका, हात काढताना ती जागा थोडी गार पडते ते जाणवू द्या आणि मग डोळे उघडा. रोज 10 मिनिटं नाही जमली तर ज्या फोनची धास्ती वाटते तो उचलण्याआधी छातीवर हात ठेवून तीन श्वास घ्या, अर्धा मिनिट लागतं, तेवढी रिंग वाजू द्या.