भाड्याच्या घराचा सरकारी अर्ज भरण्याआधी आधार कार्डं तपासा

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये घर विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही पर्याय आहे. अर्ज अडतो तो नावांच्या गोंधळात.

१. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख जुळवा. वहिनींचं पासबुक माहेरच्या नावाचं निघतंच!

२. आधारला चालू मोबाइल जोडा, ओटीपी त्यावरच येतो.

३. उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार'वरून काढा. घराचं उत्पन्न वर्षाला ३ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गट, ६ लाखांपर्यंत एलआयजी (अल्प उत्पन्न) गट.

मात्र याच योजनेतून घर विकत घ्यायचं किंवा बांधायचं असेल आणि नवरा, बायको किंवा अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर असेल, अगदी राधानगरीकडं गावातलं, तर पात्रता जाते.