रोमची राज्यव्यवस्था आणि कायदा: गोंधळ न होता कसा वाचायचा

रोमचा इतिहास हातात घेतला की पहिल्या दोन पानांतच कॉन्सल, प्रेटर, ट्रिब्यून, सेन्सर, क्वेस्टर अशी पदांची नावं अंगावर येतात आणि बहुतेक जण ती पाठ करायला बसतात. तसं करू नका. नावं शेकडो वर्षं तीच राहतात, त्यांच्या हातातली सत्ता मात्र सरकत राहते, आणि पेपरात गडबड होते ती नेमकी इथेच. त्यापेक्षा वही घ्या आणि प्रत्येक काळाला तीनच प्रश्न विचारा: कायदा कोण करतंय, 'थांब' कोण म्हणू शकतं, आणि कायदा वाचायला मिळतो कुठे.

राजांचा काळ पटकन उरका, त्यात दंतकथाच जास्त. परंपरेनुसार इ.स.पू. 509 मध्ये राजा तार्क्विनला हाकललं आणि राज्य चालवायला दोन कॉन्सल आणले, तेही एका वर्षापुरते, म्हणजे एकाने मनमानी केली तर दुसरा आडवा येणार. पण सत्ता फिरून फिरून खानदानी पॅट्रिशियन घरांतच, आणि सामान्य प्लेबियनच्या वाट्याला लढाई आणि डोक्यावर कर्ज. मग इ.स.पू. 494 मध्ये हे लोक शहर सोडून चक्क टेकडीवर जाऊन बसले असं सांगतात, आणि लढायला माणसंच नाहीत म्हटल्यावर वरच्यांना नमतं घ्यावं लागलं. त्यातून प्लेबियनांची बाजू राखणारे ट्रिब्यून आले. त्यांच्या अंगाला हात लावणं म्हणजे पाप, आणि त्यांनी व्हेटो (नकाराधिकार) टाकला की कामकाज ठप्प.

आता बारा पाट्यांपाशी, म्हणजे रोमच्या पहिल्या लिखित कायद्यापाशी, जरा रेंगाळा, इ.स.पू. 451-450. कलमं पाठ करण्यापेक्षा एकच केस धरा, कर्जदाराची. कर्ज सिद्ध झालं की फेडायला 30 दिवस. नाही फेडलं तर सावकार त्याला घेऊन जाणार, 60 दिवस साखळदंडात ठेवणार, त्या काळात सलग तीन बाजारांच्या दिवशी रक्कम सगळ्यांसमोर पुकारणार, आणि तरी कोणी पुढे आलं नाही तर मृत्यू किंवा टायबर नदीपलीकडे विक्री. भयानकच आहे, पण किती दिवस, कुठे, कसं हे आता सगळ्यांना माहीत होतं, आधी ते पुरोहित आणि वरच्या घरांच्या डोक्यात असायचं. पुढे इ.स.पू. 326 च्या सुमाराला कर्जापायी माणूस गहाण पडण्याची पद्धत मोडली, तेही याच केसखाली लिहून ठेवा.

इ.स.पू. 287 ला होर्टेन्सियस कायदा आला, प्लेबियन सभेचा ठराव सगळ्यांना लागू. म्हणून लगेच 'लोकशाही' लिहून मोकळे होऊ नका. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत एकूण 193 मतगट होते, जुन्या रचनेत त्यातले 18 घोडेस्वारांचे आणि 80 पहिल्या श्रीमंत वर्गाचे, झाले 98, म्हणजे बहुमत तिथेच, आणि बहुमत झालं की मोजणी बंद! गरिबांची पाळी येईपर्यंत निकाल लागलेला असायचा.

कायद्याची वाढ बघायची तर प्रेटरकडे, म्हणजे न्यायनिवाडा बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे बघा, मुलं नेमकं हेच वगळतात. तो दरवर्षी पदावर आला की कुठल्या तक्रारीला कशी दाद देणार याचा जाहीरनामा काढायचा, पुढचा माणूस बराचसा तोच मजकूर ठेवून थोडी भर घालायचा, आणि असा वर्षानुवर्षं कायदा नवा होत गेला. इ.स.पू. 242 च्या सुमाराला परक्यांच्या खटल्यांसाठी वेगळा प्रेटर आला. मग इ.स. 130 च्या आसपास सम्राट हेड्रियनने हा जाहीरनामा कायदेपंडित ज्युलियानसकडून पक्का करून घेतला, तिथे ही वाट जवळपास बंद झाली, आता बदल करायचा तर सम्राटाने.

ग्राकस बंधू, सुल्ला, सीझर यांचा सत्तेसाठीचा शंभरेक वर्षांचा राडा एका पानात बसवा, पण पहिला सम्राट ऑगस्टस याच्यासाठी वेगळं पान ठेवा. इ.स.पू. 27 मध्ये त्याने सगळी व्यवस्था परत दिल्याचं नाटक केलं, कॉन्सल तसेच, सिनेट (वरच्या घरांतल्या ज्येष्ठांची सभा) तसंच. गंमत इ.स.पू. 23 सालची आहे. तो दत्तक जाऊन पॅट्रिशियन झालेला, त्यामुळे ट्रिब्यून होताच येत नव्हतं, तर पद न घेता त्याने फक्त ट्रिब्यूनचे अधिकार घेतले, व्हेटोसकट. गरिबांना वाचवायला निघालेलं हत्यार थेट सम्राटाच्या कमरेला. तीन प्रश्नांतला दुसरा प्रश्न इथे संपतो.

नंतरचं भराभर होतं. इ.स. 212 मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र लोकांना नागरिक केलं, मग 438 ची थिओडोशियन संहिता (सम्राटांच्या कायद्यांचा संग्रह), आणि शेवटी कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट जस्टिनियन. त्याचं 533 चं डायजेस्ट, म्हणजे जुन्या कायदेपंडितांच्या लिखाणाचं संकलन, 50 पुस्तकांचं, त्याच्याच हुकुमात म्हटलंय की जुन्या कायदेपंडितांच्या तीस लाखांवर ओळी दीड लाखावर आणल्या. युरोपातले बरेच दिवाणी कायदे इथूनच निघाले, पोर्तुगालचा 1867 चा सिव्हिल कोडही त्याच घराण्यातला, आणि गोव्यात तो वारशाच्या बाबतीत 2016 पर्यंत चालत होता, कुटुंबाच्या काही बाबतींत तर अजून चालतो. त्यामुळे 476 ला पश्चिमेतला सम्राट गेला म्हणून तिथे उत्तर बंद करू नका, डायजेस्ट त्याच्या 57 वर्षं नंतरचं आहे.