संस्थेची निवडणूक ऑनलाइन घ्यायचीय? आधी सभासद यादी काढा

मंडळ, वाचनालय, माजी विद्यार्थी संघ, ट्रेकिंग क्लब, काहीही असो, निवडणूक ऑनलाइन घेऊया म्हटलं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो "कुठलं ॲप?" ॲपचं नंतर बघू. आधी कपाटातून संस्थेची घटना काढा आणि निवडणुकीचं कलम वाचा. त्यात "सभेत हजर असलेल्या सभासदांनी" किंवा "मतपेटीत मतपत्रिका टाकून" असं काही असेल तर आधी घटनादुरुस्ती, ती कशी करायची तेही घटनेतच सापडतं. नुसत्या कार्यकारिणीच्या ठरावावर भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, हरलेलं पॅनल पहिलं बोट तिथेच ठेवतं.

नियम लिहायला बसलात की कंपन्यांच्या ई-व्होटिंगचे नियम समोर ठेवा. आपल्याला ते लागू नाहीत, पण साचा आयता मिळतो. लिस्टेड म्हणजे शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांत रिमोट (सभेला न जाता ऑनलाइन) मतदान कमीत कमी ३ दिवस चालतं, सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं, मत कुणाला देता येणार ते एका कट-ऑफ तारखेवरून ठरतं आणि मोजणीला कंपनीच्या नोकरीत नसलेला स्क्रुटिनायझर, म्हणजे मतदान-मोजणी तपासणारा माणूस, असतो. हे सगळं उचला. फक्त कट-ऑफ त्यांची सभेआधीच्या आठवड्यातली असते, आपण महिनाभर आधीची ठेवायची, कारण त्यांची यादी डिमॅटमधून (शेअर्सच्या ऑनलाइन खात्यांतून) येते आणि आपली रजिस्टरमधून.

खरी डोकेदुखी ही यादीच. वर्गणी थकलेले, वारलेले पण नाव तसंच राहिलेले, नवरा-बायको दोघं आजीव सभासद आणि दोघांपुढे एकच मोबाइल नंबर, काकांच्या नावापुढे त्यांच्या मुलाचा ईमेल, तोही जुन्या कंपनीतला. एका नंबरवर दोन सभासद असले की सिस्टिम एकतर दुसऱ्याला अडवते नाहीतर दोघांची मतं एकच माणूस देऊन मोकळा होतो. म्हणून कच्ची यादी लावा, १५ दिवस हरकती घ्या, नंबर किंवा ईमेल बदलायचा तर सहीचा लेखी अर्ज, त्यावर सभासद क्रमांक, "अहो माझा नंबर बदललाय" असं फोनवर चालणार नाही. पक्की यादी लागली की मग अध्यक्षांचा फोन आला तरी बदल नाही. उमेदवारांना यादी देताना नंबर-ईमेल काढून टाका, नाहीतर प्रचाराचे मेसेज सुरू होतात आणि शिव्या ऑफिसला.

आता ॲप. व्हॉट्सॲप पोल निवडणुकीला अजिबात नको, ग्रुपात सभासद नसलेलेही असतात. गूगल फॉर्ममध्ये ईमेल घेतला तर फॉर्म बनवणाऱ्याला कुणी कुणाला मत दिलं ते शीटवर सरळ दिसतं, नाही घेतला तर एकच माणूस चार वेळा भरू शकतो. मतदार कोण आणि मत काय हे वेगवेगळं ठेवणारी मतदानाचीच सिस्टिम घ्या. परदेशातल्या सभासदांना एसएमएसचा ओटीपी पोचेलच असं नाही, त्यांना ईमेलवर लिंक. आणि वेळ लिहिताना "भारतीय वेळ" लिहा, आपले संध्याकाळचे ५ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेसात.

निकाल उघडायचा पासवर्ड किंवा किल्ली उमेदवार नसलेल्या तिघांकडे द्या, पण कुठल्याही दोघांनी उघडेल अशी. आयएसीआर ही क्रिप्टोग्राफीवाल्यांचीच, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याचं शास्त्र जाणणाऱ्यांचीच, जागतिक संघटना, २०२५ मध्ये त्यांच्या निवडणुकीत तिन्ही किल्ल्या लागणार होत्या आणि एकाची हरवली, मतं आत अडकली, मतदान पुन्हा घ्यावं लागलं! त्यानंतर त्यांनीही तीनपैकी दोन असं केलं.

ज्येष्ठांचा प्रश्न नाजूक आहे. "आजी, ओटीपी सांगा, मी करून देतो" म्हणत घरोघर फिरणारा कार्यकर्ता कुठलंच सॉफ्टवेअर पकडत नाही. एस्टोनियात लोक ऑनलाइन दिलेलं मत मुदत संपेपर्यंत बदलू शकतात, शेवटचं धरतात, म्हणजे कुणी दबावाने मत घेतलं तरी नंतर बदलता येतं. भारतात कंपन्यांच्या ई-व्होटिंगमध्ये एकदा दिलं की दिलं. माझं मत एस्टोनियाच्या बाजूने, सिस्टिममध्ये सोय असेल तर नियमात घालाच. शिवाय ऑफिसात एक लॅपटॉप ठेवा, आडोसा करून, मदतीला उमेदवारांशी संबंध नसलेला माणूस.

आठवडाभर आधी खोट्या नावांवर ट्रायल घ्या (आंबा विरुद्ध फणस, वाद नकोत), बॅलटवर नावं देवनागरीत नीट दिसतात का तेही बघा. मतदान चालू असताना आकडे कुणालाच दिसू देऊ नका, किती टक्के झालं तेवढं सांगितलं तरी पुरे.

निकालानंतर संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची माहिती) ९० दिवसांत द्यायचा असतो आणि हरकत आलीच तर तिथे ॲपचा स्क्रीनशॉट एकटा पुरत नाही. नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, पक्की यादी, सिस्टिमचा सही केलेला रिपोर्ट, स्क्रुटिनायझरचं पत्र, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं आणि इतिवृत्त, सगळं एका फाइलला निकालाच्या दिवशीच लावा, नंतर जुना सचिव फोन उचलत नाही.