संसदेची समिती खात्याची झडती कशी घेते आणि किनाऱ्यावरील माणसाने तिच्यापर्यंत कसे पोहोचावे

हर्णेपासून मालवणपर्यंत कोणत्याही मच्छीमार सोसायटीचे कपाट उघडले, तर अर्जांच्या पोचपावत्यांची एक जाड फाइल हमखास सापडते. त्यातील बहुतेक अर्ज परवाना अधिकारी, सहायक आयुक्त, जिल्हाधिकारी किंवा मंत्री यांच्या नावे केलेले असतात. म्हणजे ज्या खात्याविषयी गाऱ्हाणे आहे, त्याच खात्याच्या टेबलावर ते फिरून येते. त्या खात्याच्या सचिवाला समोर बसवून उत्तर मागण्याचा अधिकार ज्या संसदीय समितीला आहे, तिच्याकडे मात्र किनाऱ्यावरून क्वचितच कागद जातो. ही समिती काम कसे करते हे समजून घेतले, तर आपला कागद केव्हा, कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात पाठवावा हे ठरविणे अवघड नाही.

सर्वांत आधी विषय राज्याचा आहे की केंद्राचा, हे ठरवावे, कारण येथे गफलत झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, तर त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारी केंद्राच्या. डिझेल परतावा, पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांचे परवाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाची गस्ती नौका हे राज्याचे विषय आहेत. प्रखर एलईडी दिव्यांकडे मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीचे उदाहरण घेतले, तर अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. त्यामुळे तीच नौका ११ सागरी मैलांवर दिवे लावत असेल तर जाब राज्याला विचारायचा आणि १५ सागरी मैलांवर लावत असेल तर केंद्राला. अशा तक्रारीचे दोन स्वतंत्र कागद करावेत.

राज्याच्या वाट्याचा कागद मुंबईला, विधानमंडळाकडे जातो. तेथेही लोकलेखा समिती, अंदाज समिती, विनंती अर्ज समिती आणि आश्वासन समिती आहेत. शिवाय जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी पंचायत राज समिती आहे, जिचा दौरा ठरला की रत्नागिरीत किंवा ओरोसला कागदपत्रांची जुळवाजुळव कशी सुरू होते, हे गावोगावच्या ग्रामसेवकांना चांगले ठाऊक आहे.

केंद्राच्या खात्यांसाठी विभागसंबंधित स्थायी समित्या आहेत. १९९३ मध्ये त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही आणि समितीची मुदत एक वर्षाची असते. मत्स्यव्यवसाय विभाग कृषीविषयक समितीकडे येतो, बंदरे आणि महामार्ग परिवहनविषयक समितीकडे, तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम, म्हणजे आपण ज्याला सीआरझेड म्हणतो तो विषय, पर्यावरणविषयक समितीकडे. रेल्वेसाठी वेगळी समिती आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालांवरून खात्याला प्रश्न विचारणारी लोकलेखा समिती या सर्वांहून निराळी असून, १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. ती पैसा खर्च झाल्यानंतरचा हिशेब पाहते. स्थायी समिती मात्र पुढच्या वर्षाचा पैसा मंजूर होण्यापूर्वी खात्याला गाठते. किनाऱ्यावरील संस्थांनी म्हणूनच स्थायी समितीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

हे गाठणे कसे होते ते नीट पाहावे. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला गेल्यावर अधिवेशनाला मध्यंतर मिळते आणि त्या काळात प्रत्येक समिती आपापल्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासते. समितीचे सचिवालय खात्याला लेखी प्रश्नावली पाठविते, खाते लेखी उत्तरे देते, मग सचिव आपल्या अधिकाऱ्यांसह समितीपुढे साक्षीला येतात. जे उत्तर तेथे देता आले नाही, ते नंतर लेखी मागविले जाते. बैठक बंद दाराआड होते, त्यामुळे तिचे थेट प्रक्षेपण नसते. पण अहवाल सभागृहात मांडला गेला की खात्याची उत्तरे त्यात उद्धृत झालेली दिसतात आणि बैठकीचे इतिवृत्तही सोबत जोडलेले असते. संसदेच्या संकेतस्थळावर हे अहवाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

अहवाल हाती आल्यावर योजनानिहाय तक्ता शोधावा. त्यात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने असतात. समजा, मासेमारी बंदरांच्या एखाद्या योजनेसाठी पहिल्या रकान्यात १०० कोटी रुपये आहेत, दुसऱ्यात ते ६० कोटींवर आले आणि तिसऱ्यात ४० कोटींवर थांबले. समिती विचारते, पैसे का उरले? खात्याचे ठरावीक उत्तर असे की राज्यांकडून प्रस्ताव आले नाहीत किंवा आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रे (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) मिळाली नाहीत. मुरलेली समिती येथे थांबत नाही. कोणत्या राज्याचे प्रमाणपत्र, किती महिन्यांपासून, आणि ते मिळविण्यासाठी खात्याने स्वतः काय केले, असे ती पुढे विचारते. नेमक्या याच ठिकाणी किनाऱ्यावरचा कागद मोलाचा ठरतो. आपल्या बंदराच्या जेट्टीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पुढे गेला, त्यावर कोणत्या त्रुटी निघाल्या आणि त्यांची पूर्तता केव्हा झाली, हे माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरासह समितीच्या हाती असेल, तर 'प्रस्ताव आलेच नाहीत' हे उत्तर टिकत नाही.

समिती एखादा विषय किंवा विधेयक तपासायला घेते तेव्हा पुष्कळदा वृत्तपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून निवेदने मागविते. मुदत थोडी असते, म्हणून कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. मसुदा मराठीत करावा, म्हणजे मंडळींना तो वाचून दुरुस्त करता येईल. मात्र पाठविताना जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे हिंदी किंवा इंग्रजी प्रत द्यावी. दोन-तीन पानांपेक्षा अधिक लिहू नये. योजनेचे नाव, वर्ष, बंदर, तारखा आणि शेवटी समितीने खात्याला विचारावा असा एक नेमका प्रश्न, एवढे पुरेसे असते. दैनंदिन प्रशासनाच्या बाबींत स्थायी समिती लक्ष घालत नाही, तेव्हा एखाद्या अधिकाऱ्याची बदली किंवा एका नौकेचा अडलेला परवाना तिच्यापुढे मांडू नये. निवेदन पाठविल्यावर ते समितीचे होते. अहवाल सभागृहात येण्यापूर्वी ते वृत्तपत्राला देणे किंवा व्हॉट्सॲपवर फिरविणे कटाक्षाने टाळावे. साक्षीसाठी बोलावणे आले तर अनुभवी तांडेल (नौकेचा प्रमुख) अवश्य सोबत न्यावा, कारण समुद्रावरील प्रश्नाचे उत्तर तो जितके खात्रीने देईल तितके कोणी देणार नाही.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि त्यामुळे अनेकांचा उत्साह मावळतो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. खात्याला प्रत्येक शिफारशीवर काय केले ते लेखी कळवावे लागते, त्यासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत असते आणि त्यावर समितीचा कार्यवाही अहवाल निघतो. लोकसभा सचिवालयाकडील समित्यांच्या अशा अहवालात पाच प्रकरणे असतात. दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी असतात, तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांचे उत्तर समितीला मान्य नाही त्या आणि पाचव्यात ज्यांचे अंतिम उत्तर अजून आलेले नाही त्या. वाचन चौथ्या आणि पाचव्या प्रकरणापासून सुरू करावे, कारण खाते कोठे अडले आहे ते तेथे समितीच्याच शब्दांत लिहिलेले असते. दुसरे प्रकरणही सावधपणे वाचावे. स्वीकारलेल्या शिफारशीखाली केवळ 'नोंद घेतली' किंवा 'राज्यांना कळविले' एवढेच लिहिले असेल, तर बंदरावर काही बदललेले असेलच असे नाही. याशिवाय, लोकसभा अध्यक्षांच्या २००४ मधील निदेशानुसार संबंधित मंत्र्याने शिफारशींच्या अंमलबजावणीबाबत दर सहा महिन्यांनी सभागृहात निवेदन करणे अपेक्षित आहे. ते निवेदनही मिळवून फाइलला लावावे.

येथून पुढचे काम आपल्या खासदारामार्फत करता येते, मग ते त्या समितीवर असोत वा नसोत. मतदारसंघ मात्र तपासून घ्यावा: दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेसाठी रायगड मतदारसंघात मोडतात, त्यामुळे हर्णेच्या सोसायटीचा कागद रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांकडे देऊन उपयोग नाही. अहवालाचा क्रमांक, शिफारशीचा परिच्छेद, खात्याचे उत्तर आणि बंदरावरील आजची स्थिती एका पानावर लिहून ते पान अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर आधी खासदारांच्या कार्यालयात पोहोचते करावे, कारण लोकसभेत प्रश्न विचारण्यासाठी सदस्याला किमान १५ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते.