अकरा इंटरव्ह्यू आणि एक दहा रुपयांची वही

२०१२ ला माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि पुढचे सात महिने मी नाशिकच्या निमाणी स्टँडवरून बस पकडून कधी सातपूर, कधी अंबड एमआयडीसी असा नुसता हिंडत होतो, काखेत प्लास्टिकची फाईल आणि खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे. नोकरी लागली ती अकराव्या इंटरव्ह्यूला. आता एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला (माल तपासणीला) आहे, आणि ट्रेनी घ्यायचे असले की साहेब मलाच टेबलाच्या पलीकडे बसवतात. त्यामुळे ओळखीतली पोरं सारखी विचारतात, दादा काय विचारतात हो आत? प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतोय. हे सगळं डिप्लोमा-आयटीआय करून एमआयडीसीत शिरणाऱ्यांसाठी आहे, आयटीवाल्यांची गोष्ट वेगळी.

पहिला इंटरव्ह्यू अजून डोळ्यासमोर आहे. आईने सकाळी हातावर दही-साखर ठेवलं, काकांचा शर्ट घातला जो खांद्यात सैल होता, आणि साडेनऊला बोलावलं होतं तर मी आठलाच गेटवर हजर. सिक्युरिटीवाल्या मामांनी रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं, मोबाईल बंद करून ठेवून घेतला आणि एका बाकावर बसवलं, तिथे आम्ही नऊ जण आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. अकरा वाजता माझा नंबर आला. टेल मी अबाउट युवरसेल्फ. मी पाठ करून गेलो होतो, मायसेल्फ अमुक, आय अॅम फ्रॉम पंचवटी, तिसऱ्या वाक्याला गाडी अडकली ती अडकलीच, घशाला कोरड, आणि समोरचे साहेब शांतपणे पंख्याकडे बघत होते.

मग त्यांनी ड्रॉवरमधून व्हर्नियर (जबड्यांत धरून बारीक माप घ्यायची पट्टी) काढला आणि एक पितळी बुश, म्हणजे नळीसारखा पार्ट, पुढे सरकवला. "बाहेरचं माप सांग." म्हणलं चला, हे येतं आपल्याला, कॉलेजात प्रॅक्टिकलला शंभरदा केलंय. लावला, बघितला, २४.३६ मिलिमीटर सांगितलं. "नक्की?" हो सर. "जबडे मिटून बघ बरं." मिटवले तर व्हर्नियरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या जरासा उजवीकडे, आणि जुळत होती दुसरी रेघ. म्हणजे ०.०२ लीस्ट काउंटने (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०४ ची झिरो एरर, म्हणजे साधनाचीच चूक, ती वजा करायची, खरं माप २४.३२. जर्नलमध्ये मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं हे! पण माप घेण्याआधी जबडे मिटून बघायचे ही सवयच नव्हती, कारण कॉलेजात रीडिंग आधीच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवायचो. खोटं कशाला बोला. "आम्ही कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत.

बाहेर आलो, बसला वेळ होता, स्टॉपवर उभं राहून बायोडाटाच्या झेरॉक्सच्या मागे जे जे विचारलं ते लिहून काढलं, मुख्य म्हणजे चीड आली होती म्हणून. दुसऱ्या इंटरव्ह्यूनंतरही तेच केलं. तिसऱ्यानंतर दहा रुपयांची वही घेतली, आणि तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे खरंतर एवढं एकच आहे, की इंटरव्ह्यूवरून घरी पोचायच्या आधी प्रश्न लिहून काढा. घरी पोचलात की आई विचारते कसा झाला, तुम्ही म्हणता बरा झाला, जेवता, झोपता, आणि उठल्यावर नेमकं ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तोच डोक्यातून गेलेला असतो. मन पण लबाड असतं ना, लाज वाटलेली गोष्ट आधी पुसून टाकतं. वहीत डावीकडे प्रश्न, उजवीकडे मी काय बोललो ते जसंच्या तसं, आणि खाली घरी जाऊन शोधलेलं बरोबर उत्तर.

सहाव्या इंटरव्ह्यूपर्यंत निम्मे प्रश्न ओळखीचे निघायला लागले. कंपन्या वेगळ्या, साहेब वेगळे, पण क्वालिटी-प्रॉडक्शनला फ्रेशरला विचारून विचारून विचारणार काय? व्हर्नियर आणि मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, मायक्रोमीटरचा ०.०१ का तर अर्धा मिलिमीटर पिच भागिले ५० भाग. ड्रॉइंगवरची खूण दाखवून फर्स्ट अँगल की थर्ड अँगल, म्हणजे व्ह्यू कुठल्या पद्धतीने मांडलेत ते. गो आणि नो-गो गेज, म्हणजे माप हद्दीत आहे की नाही ते झटपट तपासायचं साधन. हा प्रश्न मला चारदा आला आणि पहिल्या दोन वेळा मी नुसतं "गो आत जातो, नो-गो जात नाही" एवढंच बोललो, जे चूक नाही पण त्याने पुढच्याचं समाधान होत नाही. त्याला ऐकायचं असतं की होल (भोक) असेल तर गो बाजू ही लहान मापाची असते. समजा होल २५ एच ७ आहे, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मध्ये पाहिजे, तर गो बाजू २५.००० ची ती जायलाच हवी, नो-गो २५.०२१ ची ती शिरली तर पीस रिजेक्ट. असं एक माप घेऊन बोललात की तो मान हलवतो. व्याख्या पाठ करून आलेली पोरं ढिगाने असतात, आकडा घेऊन बोलणारा दिवसाला एखादाच.

फाईव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), व्हाय-व्हाय (सारखं "का" विचारत मूळ कारण शोधणं), पोका-योके (चूक करताच येऊ नये अशी रचना) हे तर विचारतातच. त्याची जपानी नावं पाठ असली काय नसली काय, उदाहरण घरातलं द्या. माझ्या वहीत पोका-योकेसमोर लिहिलंय, मोबाईलचं सिमकार्ड, एक कोपरा कापलेला असतो म्हणून उलटं बसतच नाही. नवव्या इंटरव्ह्यूत हे सांगितलं तर साहेब हसले, तरी सिलेक्शन झालं नाही ती गोष्ट वेगळी.

आता बायोडाटा. कॅफेवाल्याकडून मित्राचाच बायोडाटा नाव बदलून प्रिंट काढायचा हा आपल्याकडचा जुना धंदा. त्यात ज्या गोष्टी तुम्ही केलेल्याच नाहीत त्या पण येतात आणि मी टेबलाच्या पलीकडे बसल्यावर पहिलं बोट तिथेच ठेवतो, कारण नेहमीचे प्रश्न विचारून मलाही कंटाळा आलेला असतो. मागे एक पोरगा आला होता, इगतपुरीकडचा, बायोडाटात लिहिलेलं सीएमएमचं, म्हणजे पार्टची अचूक मापं घेणाऱ्या मशीनचं, नॉलेज. विचारलं, चालवलंय? तर सरळ म्हणाला, "नाही सर, इंडस्ट्रियल व्हिजिटला बघितलंय, ते पण काचेच्या बाहेरून, दोन मिनिटं आत सोडलं तर फार गार होतं, स्वेटर पाहिजे होता." आम्ही हसलो. मग माझ्या साहेबांनी विचारलं, गार का ठेवतात? गप्प बसला. विचार कर म्हणलं. तर मोठ्याने विचार करायला लागला, मशीन गरम होत असेल, नाही, माणसांसाठी नसणार, मग म्हणाला, "सर, लोखंड गरम झालं की वाढतं ना, मग माप बदलेल." बस झालं. २० डिग्री हा आकडा त्याला माहीत नव्हता, तो आम्ही सांगितला, मापं त्या तापमानाला धरतात म्हणून खोली तशी ठेवतात. घेतला त्याला. त्याच दिवशी दुसऱ्या एकाने न चालवलेल्या सीएमएमबद्दल दहा मिनिटं फेकाफेकी केली, प्रोबचा, म्हणजे पार्टला टेकवून माप घेणाऱ्या टोकाचा, विषय निघाल्यावर घाम फुटला त्याला.

म्हणजे येत नाही ते येत नाही म्हणा, पण तिथेच थांबू नका, "सर, नक्की माहीत नाही पण मला असं वाटतं" म्हणून पुढे बोला. नुसतं "नो सर" म्हणून खाली बघत बसलेल्या पोराला काही सुचवावं म्हणलं तरी सुचवता येत नाही.

इंग्लिशचं टेन्शन सगळ्यांनाच, मलाही होतं, दहावीपर्यंत मराठी मीडियम. इथल्या बऱ्याच कंपन्यांत ओळख इंग्लिशमध्ये विचारतात आणि टेक्निकल सुरू झालं की साहेब स्वतःच हिंदी-मराठीवर येतात. ओळखीची पाच वाक्यं तुमची स्वतःची बनवा, छोटी, पाठ केल्यासारखी न वाटणारी, शेवटचं वाक्य प्रोजेक्टवर आणून सोडा म्हणजे पुढचा प्रश्न तुमच्या मैदानात येतो. अडकलात तर "सर, हिंदीत सांगू का" विचारायला काही लाज नाही. एक्सपोर्ट किंवा कस्टमरशी बोलायचं काम असेल तिथे मात्र हे चालत नाही, तिथे इंग्लिश लागतंच, उगाच धीर देत नाही.

पत्ता नीट वाचा. हसू नका, आमच्या बॅचच्या एकाला मेसेज आला होता, माळेगाव एमआयडीसी, आणि हा पठ्ठ्या सकाळी मालेगावच्या बसमध्ये बसायला निघालेला! सिन्नरला दोन औद्योगिक वसाहती, माळेगाव आणि मुसळगाव, दोन्ही नाशिकपासून पुणे रोडने सिन्नरकडे तासाभरात, आणि मालेगाव शहर भलत्याच दिशेला आग्रा हायवेने शंभर किलोमीटर. कंडक्टरने विचारलं म्हणून वाचला. अंबडला जायचं तर शिफ्ट सुटायच्या-भरायच्या वेळेला गरवारे पॉइंटकडे काय गर्दी होते ती एकदा आदल्या दिवशी जाऊन बघा, त्या निमित्ताने गेट पण सापडतं. आणि तिखट मिसळ हाणून जाऊ नका, हे अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.

पगाराचं बोलणं कोणी शिकवत नाही म्हणून जरा आकडे मांडतो. एचआर म्हणतो सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) दोन लाख चाळीस, आपण लगेच बाराने भागून घरी सांगतो वीस हजार. तसं नसतं. समजा ग्रॉस (कापाकापीच्या आधीचा महिन्याचा पगार) १८,००० आहे, त्यात बेसिक (मूळ पगार) १२,०००. तुमचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,४४० कापला, ईएसआयसी (कामगार विमा) ग्रॉसच्या ०.७५ टक्के म्हणजे १३५ गेले (ग्रॉस २१,००० पर्यंत हे लागतं), प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. हातात १६,२२५. आणि कंपनी तिच्याकडून जो १,४४० पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआयसी म्हणजे ५८५ भरते ते पण तुमच्या सीटीसीत धरलेलं असतं, म्हणून महिन्याचे वीस हजार दिसतात. यात फसवणूक काही नाही, फक्त घरी वीस सांगून पहिल्या पगाराला बापाचा चेहरा बघायची वेळ येऊ नये. इन-हँड किती, हे तोंडाने विचारा. सोबत हे पण विचारा की कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, अप्रेंटिस असेल तर किती महिने, शिफ्ट किती, बस आहे का, कॅन्टीन आहे का. "एनी क्वेश्चन?" विचारल्यावर नो सर म्हणून उठणारे नव्वद टक्के असतील, हा माझा अंदाज.

पैसे मागणारा कोणीही असो, उठून या. मला एका कन्सल्टन्सीने रजिस्ट्रेशनचे पाचशे आणि जॉइनिंग आधी डिपॉझिट म्हणून तीन हजार मागितले होते, पाचशे मी दिले, ते गेले. ओरिजिनल मार्कशीट पण कोणाकडे ठेवायची नाही, दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत फाईलमध्ये.

सात महिन्यांत सगळ्यात वाईट काय होतं तर "कळवतो" नंतरचे दिवस. फोन वाजला की धावायचो आणि निघायची कंपनीची ऑफर, ती पण मोबाईल कंपनीची, कॉलर ट्यून लावा. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, लागला का रे कुठे. आठव्या इंटरव्ह्यूनंतर मी पंधरा दिवस कुठेच गेलो नाही, गोदाघाटावर जाऊन बसायचो दुपारभर, घरी सांगायचो इंटरव्ह्यू होता. वडिलांना कळलं होतं बहुतेक, काही बोलले नाहीत, एक दिवस फक्त वही उशाशी आणून ठेवली. ती चाळताना लक्षात आलं की आठव्यात मी चुकलोच नव्हतो फारसं, त्यांना एकच माणूस हवा होता आणि आम्ही चाळीस होतो. मग ठरवलं, सात दिवस वाट बघायची, आठव्या दिवशी एक फोन करायचा, नम्रपणे विचारायचं, आणि "नाही" कळलं तरी तारीख टाकून पान बंद. त्या फोनमुळेच अकरावा मिळाला. दहाव्या ठिकाणच्या एचआर मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे भरलं, पण शेजारच्या प्लॉटमध्ये क्वालिटीला पाहिजेत बघ, उद्या जा.

तिथेही समोर व्हर्नियर आला. मी आधी जबडे मिटवले. साहेब काहीच बोलले नाहीत, फक्त माप न विचारताच व्हर्नियर परत घेतला आणि म्हणाले, सोमवारपासून येशील का.

वही सध्या भाच्याकडे आहे, त्याचा परवा मुसळगावला इंटरव्ह्यू आहे. ताई म्हणते त्याने अजून फक्त मागचं पान वाचलंय, जिथे मी त्या सात महिन्यांतल्या बसच्या तिकिटांचा हिशोब लिहिलाय.